मधला पट्टा जुळत नाही

दि. ३ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. फोनवर केलेला तू घेत नाहीस, म्हणून कागदावर करते आहे. कागद मध्येच कट करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायचाच असेल तर सोबतचा फोटो आधी बाजूला काढून ठेव. तो मोठ्या कागदावरचा आहे आणि त्यासाठी मी अख्खा दिवस भिजले आहे.

इकडे सगळं ठीक. पाऊस आहे. पाऊस आहे असं लिहिण्यात खरं तर काही अर्थ नाही, आपल्याकडे तो नसेल तेव्हा कळवायचं असतं. स्टुडिओच्या भिंतीला ओल आली आहे. पासपोर्टच्या फोटोत माणसाच्या मागे पांढरी भिंत लागते, आणि आमच्या भिंतीवर तर जगाचा नकाशा उमटलाय. मालकांनी घरून एक चादर आणून लावली आहे. तिला इस्त्री करायचं कामही माझ्याकडेच आलं. गिऱ्हाइकं ओलीचिंब येतात, मी त्यांना टॉवेल देते, केस पुसायला सांगते आणि मग हसू नका म्हणून दम देते. दिवस जातो.

मागच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे नदीपलीकडच्या कातळावर जाऊन आले. दरवर्षी याच दिवसांत, त्याच कातळावरून, त्याच लेन्सने आपल्या डोंगराचा एक फोटो काढायचा हा माझा नेम तुला माहीत आहे. तुझ्या मते तो आजार आहे. थोरलीने मागे मला विचारलं होतं की आत्या, तुझ्या खोक्यात असं काय असतं, आणि मी गडबडीत होते म्हणून सांगायचं राहिलं. तेवढं तिला वाचून दाखव.

थोरले, आत्याच्या कॅमेऱ्यात रोल नसतो. एका वेळी एकच फिल्म, चांगली वहीच्या पानाएवढी. पुढे लेन्स, मागे दुधी काच, आणि मधे पेटीला असतो तसा भाता. त्या काचेवर डोंगर उलटा पडतो, डोकं खाली आणि पाय वर. आत्या डोक्यावर काळं फडकं घेऊन भिंगाने तो बघत बसते. पावसात एक हात छत्रीला आणि एक भिंगाला लागतो, आणि श्वास धरून ठेवावा लागतो, नाहीतर काच धुरकटते. डोंगरावरून ढग सरकला की दोन घटका सगळं स्वच्छ दिसतं. तो सरकेपर्यंत बसायचं. कधी सरकत नाही, मग घरी यायचं आणि कपडे पिळायचे. एवढ्या खटाटोपाचा फायदा एकच, फिल्म मोठी असल्यामुळे डोंगरावरचं एकेक झुडूप वेगळं ओळखता येतं. तुमचं घर त्यात मटारच्या दाण्याएवढं येतं, पण भिंग लावलं तर त्या दाण्याच्या खिडक्या दिसतात. दोरीवर वाळत घातलेला तुझा पिवळा फ्रॉकही दिसतो. (वाळत कसला, भिजत घातलेला.)

बरं, दादा. सहज विचारते. मागच्या खोलीचं दार नीट लागतं ना? घरामागच्या झऱ्याचं पाणी नेहमीसारखं स्वच्छ आहे का, की गढूळ यायला लागलंय? आणि वर आईने घातलेलं कुंपण आहे, तिकडे इतक्यात कुणी गेलं होतं का?

थोरली अजून मागच्याच खोलीत झोपते का? तेही सहजच. पुढच्या खोलीत हवा चांगली येते, तिथे झोपवलं तर तिची सर्दी कमी होईल, असं मला आपलं वाटलं.

वहिनींना नमस्कार, थोरलीला पापा. उत्तर पाठव. एक ओळ पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी

ता. क. कुंपण बघायला गेलास तर फार वर चढू नकोस. निसरडं असेल.

•

दि. ११ सप्टेंबर

दादा,

उत्तर मिळालं. माझ्याच फोटोच्या पाठीवर सुतारी पेन्सिलने दोन ओळी खरडून तो परत पाठवलास. कागद वाचवलास, चांगलं केलंस. ‘दार पावसाने फुगलंय, रंधा मारला. डोंगराची रेघ आता तरी बाईसाहेबांच्या मनासारखी आली का?’

वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग तो गिळला. आत्ता मला तुझ्याशी भांडायला वेळ नाही.

रेघेचं आधी मिटवून टाकते. थोरलीला स्वतःची खोली हवी म्हणून तू घरामागे डोंगराचा पाय कापलास आणि तिथे खोली बांधलीस, तेव्हा मी म्हणाले होते की माझ्या फोटोतली रेघ मोडली. ती मोडली होती, अजूनही म्हणेन. तू म्हणालास की तुला माझ्या मुलीच्या खोलीपेक्षा तुझा फोटो मोठा वाटतो. तेव्हापासून आपली तोंडं दोन दिशांना आहेत. असू देत. ते भांडण कुठे पळून जात नाही, सावकाश पुढे चालवू. पण आज मी रेघेबद्दल लिहीत नाहीये. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

सहज सहज म्हणून मी जे विचारलं, त्यातलं काहीच सहज नव्हतं.

डार्करूममध्ये तो फोटो धुतला तेव्हा सगळ्यात आधी मला झाडं दिसली. आपल्या घराच्या वर, कुंपणाच्याही वर जी झाडं आहेत ना, सरळसोट, लहानपणी तू ज्यांना पलटण म्हणायचास, ती कलली होती. काही खाली घराकडे, काही उलट डोंगराकडे, दारू पिऊन रस्त्याने निघाल्यासारखी. मी मान वाकडी करून बघितलं. मग फोटो वाकडा करून बघितला.

पहिल्यांदा वाटलं, चूक माझी. माझ्या खोक्याचा मागचा भाग पुढेमागे कलतो. तो ओळंब्यात नसला तर फोटोत उभं असेल ते सगळंच कलतं, झाडं काय, घरं काय, विजेचे खांब काय. ही चूक शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी करतो. पावसात, घाईत, मीही केली असेल. खरं सांगते, स्वतःच्या चुकीचा मला आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. तरी मनात पाल चुकचुकत होती. म्हणून तुला ते इकडचं तिकडचं पत्र लिहिलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा कातळावर गेले.

कातळावर ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी मी तीन खोबणी कोरून ठेवल्या आहेत, त्यामुळे कॅमेरा दरवर्षी तसूभरही हलत नाही. या खेपेला पाणसळ आडवी लावून बघितली, उभी लावून बघितली, बुडबुडा बरोबर मधोमध. तुझ्या पेटीतून मी ढापलेला तो छोटा ओळंबा आठवतो? तो कॅमेऱ्याच्या मागे लटकवला आणि वाऱ्याने हलू नये म्हणून छत्री आडवी धरून बसले. माझ्यावर पाऊस पडत होता आणि ओळंब्यावर छत्री होती. एक गुराखी लांब उभा राहून बघत होता, त्याने बहुतेक माझ्यासाठी प्रार्थना केली असेल. ढग दुपार कलता कलता सरकला. फोटो मिळाला.

आता नीट वाच. मागच्या वर्षीची निगेटिव्ह मी दिव्याच्या काचेवर ठेवली आणि तिच्यावर या वर्षीची ठेवली. तुझं घर घरावर बसलं. रस्त्याचा खांब खांबावर बसला. डावीकडचा मोठा खडक बसला, वरची डोंगराची कड केसाइतकीही इकडे तिकडे नाही. म्हणजे कॅमेरा बरोबर होता. पण घर आणि कड यांच्यामधला पट्टा जुळेना. खालची फिल्म सरकवून झाडांवर झाडं बसवावीत तर घर निसटतं. घर बसवावं तर झाडं निसटतात. मी अर्धा दिवस तेच करत बसले. मालक दोनदा गिऱ्हाईक आलंय म्हणून हाक मारून गेले.

आईचं कुंपण नेहमी फूटपट्टीने आखल्यासारखं असतं. ते आता कपड्याच्या दोरीसारखं मधे लोंबतंय, खांब खाली आलेत. आणि झाडांच्या वर गवतात एक काळी रेघ आहे, कमानीसारखी, मागच्या वर्षी नव्हती. ती भेग आहे, दादा. मधला पट्टा खाली सरकतोय, आणि त्याच्या खाली तुझं घर आहे. घराच्या मागे थोरलीची खोली आहे.

मी काही त्यातली जाणकार नाही, म्हणून दोन्ही फोटो घेऊन रस्ते आणि दरडींचं बघतात त्या ऑफिसात गेले. साहेब चांगले होते. फोटो खिडकीजवळ नेऊन बघितला, म्हणाले वा, काय बारकावे आहेत. भेग बघितली, गंभीर झाले, म्हणाले माणूस पाठवायला हवा. कधी, विचारलं. पाऊस थांबल्यावर. मी विचारलं, आपल्याकडचा पाऊस? ते कसंनुसं हसले, म्हणाले चढावर आत्ता माणूस पाठवला तर त्याचाच जीव जाईल. निघताना म्हणाले, एक प्रत मिळेल का, ऑफिसात लावायला.

म्हणून आता तुलाच सांगते. तू सुतार आहेस, माझ्या फोटोवर विश्वास ठेवू नकोस, तुझ्या ओळंब्यावर ठेव. दार पावसाने फुगतं तेव्हा सगळ्या बाजूंनी अडकतं. तू रंधा कुठे मारलास? वरच्या एकाच कोपऱ्याला ना? मग दार फुगलेलं नाही, चौकट काटकोनात राहिलेली नाही. मागच्या भिंतीला ओळंबा लाव आणि काय दिसतं ते मला कळव. भिंत उभी असेल तर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

नसेल तर पत्र लिहीत बसू नकोस. सगळे निघून या. माझ्या दोन खोल्या आहेत, अडचण होईल, होऊ दे.

कशामुळे झालं ते मी लिहीत नाही. तूही विचारू नकोस.

धाकटी

•

दि. १५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

काल तुम्ही दुकानातून फोन केलात तेव्हा समोर एक अख्खं कुटुंब पासपोर्टसाठी बसलं होतं आणि त्यांचं बाळ चादरीला लोंबकळत होतं, म्हणून मला धड बोलता आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, नणंदबाईंना किती ती घाई. तसं नव्हतं. मला गिऱ्हाइकांसमोर रडायचं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत ते मी मनात शंभरदा उगाळलंय. दादाने पत्र उभ्या उभ्या वाचलं. तुम्ही विहिरीवर गेलात असं समजून त्याने मागच्या भिंतीला ओळंबा लावला. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतात. वजन हलायचं थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग थांबल्यावरही उभा राहिला, मग दोरा गुंडाळून खिशात घातला, आत येऊन चहा मागितला आणि काहीच बोलला नाही. त्यानंतर दाराला पुन्हा रंधा मारला.

वहिनी, तो काही बोलला नाही याचाच मला धसका बसलाय. तुमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्हीच सांगा, दादा बरोबर आहे आणि गप्प बसलाय, असं कधी झालंय? भिंत उभी असती तर त्याने तेवढ्यासाठी बस पकडून इथे येऊन माझं नाक कापलं असतं. मालकांसमोर कापलं असतं, गिऱ्हाइकांना बोलावून कापलं असतं.

तुम्ही म्हणालात झऱ्याचं पाणी चहासारखं येतंय आणि तुम्ही ते गाळून घेता. गाळू नका. ते पाणी मातीतून नाही, मातीसकट येतंय.

मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही, उलट तुमच्या हातचं खाऊन वर नावं ठेवली. आता मागते. थोरलीला घेऊन निघून या. आज हे पत्र मिळालं तर आजच. दादाला सांगा आत्या आजारी आहे. सांगा जिन्यावरून पडली, पाय मोडला. मी पायाला पट्टी बांधून बसते. खोटं बोलायचं पाप माझ्या खाती लावा. तोपर्यंत तिला मागच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका, दप्तर आणायलाही नाही. दप्तर मी नवीन घेऊन देईन.

तुम्ही दोघी निघालात की दादा येईल. एकटा कशाला राहील? त्याला स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही.

तुमची,
नणंद

•

दि. १९ सप्टेंबर

दादा,

वहिनी आणि थोरली परवा सुखरूप पोचल्या. थोरलीने आधी माझा पाय बघितला, मग पट्टी सोडून बघितली, आणि म्हणाली आत्या, तुला खोटं बोलताच येत नाही. मग तिने विचारलं, बाबा का नाही आले. वहिनी म्हणाल्या, घराला कुणीतरी हवं ना. एवढं सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मला त्यांनी नंतर सांगितलं. निघताना तू त्यांच्याशी भांडला नाहीस, पिशव्या थांब्यापर्यंत आणून दिल्यास, छत्री दिलीस. आणि त्याआधी सकाळी तू तुझी गादी उचलून मागच्या खोलीत नेऊन टाकलीस. वहिनींना म्हणालास, बघा, मीच झोपतो इथे, म्हणजे सगळ्यांची भीती जाईल. हे सांगताना त्या हसत होत्या. थोड्या वेळाने त्याच हसण्यातून त्यांना रडू फुटलं.

काल पाऊस क्षणभरही थांबला नाही. मी कातळावर गेले. मालक म्हणाले अशा हवेत काय फोटो मिळणार, आणि त्यांचं बरोबर होतं. नदी चढली आहे, पुलाच्या खालून पाण्याचा आवाज येतो तो नेहमीचा नाही. कॅमेरा लावला, फडकं डोक्यावर घेतलं आणि बसले. काचेवर नुसतं पांढरं. डोंगर नाही, घर नाही, रस्ता नाही. लेन्सला टोपी घातलेली असल्यासारखं वाटलं म्हणून दोनदा बाहेर येऊन बघितलं. मी त्या पांढऱ्याकडे किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. ढगाच्या मागे डोंगर आहे की नाही हे कळायचा काही मार्गच नव्हता. कान देऊन बसले होते, कारण तसं काही झालं तर आधी आवाज येईल असं मला वाटत होतं. पण पावसात कशाचाच आवाज येत नाही.

मग ढग थोडा फाटला, खालच्या अंगाला, म्हणजे माझ्या काचेवर वरच्या अंगाला. घर दिसलं. आहे, म्हणाले. मोठ्याने म्हणाले. भिंग लावलं तर घराच्या कडेला काहीतरी हलत होतं. एक ठिपका, त्याच्या खांद्यावर आडवं काहीतरी. तो मागे जायचा, मोकळा परत यायचा, पुन्हा खांद्यावर घेऊन मागे जायचा.

तू वासे नेत होतास. तुझ्या कामाचे, कोरडे करून ठेवलेले, कुणाला हात लावू देत नाहीस ते. मागच्या भिंतीला तू टेकू लावत होतास.

मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मी तिथेच फडक्याखाली रडायला लागले, काच धुरकटली आणि पुसली तर घर पुन्हा ढगात गेलं होतं. फिल्म तशीच राहिली. शटरची तार दाबायचं मला सुचलंच नाही.

दादा, तुला सगळं माहीत आहे. माझ्याआधी माहीत होतं की नाही ते मी विचारत नाही, पण ओळंबा लावलास त्या दिवसापासून नक्की माहीत आहे. तू डोंगराला टेकू लावतोयस. अरे, तू कपाटं करतोस, खिडक्या करतोस, तुझ्या हाताला या पंचक्रोशीत तोड नाही, पण डोंगर हे काय कपाट आहे?

मला तुझी भीती कळते. घर जाईल ही ती भीती नाही. तू एकेक वीट आणून ती खोली बांधलीस, दार स्वतः केलंस, थोरलीच्या उंचीला लागेल अशी खिडकी ठेवलीस. ती खोली सोडून बाहेर यायचं म्हणजे ‘डोंगराचा पाय मी कापायला नको होता’ असं तू कबूल करायचं, आणि तेही माझ्यासमोर. मी रेघ रेघ म्हणून ओरडले होते, त्यामुळे तर आणखीच नको. म्हणून तू गादी घेऊन आत जाऊन बसलास.

मग ऐक. ‘बघ, मी सांगितलं होतं’ असं मी कधीच म्हणणार नाही. आत्ता नाही, म्हातारपणी नाही, चिडले तरी नाही. तू कापलास म्हणून झालं की पावसाने झालं की वरची झाडं जुनी झाली म्हणून झालं, मला ते जाणूनसुद्धा घ्यायचं नाही. मी चुकीची ठरावी असं मला मनापासून वाटतं. पाऊस जाऊ दे, ती खोली पुढची पन्नास वर्षं उभी राहू दे, माझं हसं होऊ दे. थोरलीच्या लग्नात सगळ्यांसमोर सांग की आत्याने एका फोटोवरून आम्हाला घराबाहेर काढलं होतं. मी सगळ्यात मोठ्याने हसेन. फक्त तेव्हा तू असायला हवास.

हे तुला फोनवर सांगणार होते, पण तू उचलत नाहीस. वहिनींचा नंबर बघूनही उचलत नाहीस. विनवण्या करून झाल्या, रागावून झालं, फोटो पाठवून झाले. आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे, ती करते.

हे पत्र सकाळी दूधवाल्याच्या गाडीतून पाठवते आहे. तो तुझ्या हातात देईल, त्याला तसं बजावलंय. मी दुपारच्या बसने मागोमाग येते. अंथरूण बांधून ठेवलंय. वहिनींना सांगितलेलं नाही, त्या मला जाऊ देणार नाहीत. तू त्या खोलीत जितके दिवस झोपशील तितके दिवस मीही तिथे झोपेन, तुझ्या शेजारी, भिंतीच्या बाजूला. मला तिथे डोळ्याला डोळा लागणार नाही. मी किती घाबरट आहे ते तुला माहीत आहे, हे लिहितानासुद्धा मला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. पण येणार. हट्टाची गोष्ट असेल तर आपण दोघं एकाच आईची आहोत, आणि मला बाहेर काढायचं असेल तर तुलाही माझ्याबरोबर बाहेर यावं लागेल.

आपल्या थांब्याशी बस वळते. ड्रायव्हर खाली उतरून चहा पितो, वाहक पाय मोकळे करतो, मग गाडी परत निघते. तेवढा वेळ आहे. मी उजव्या बाजूच्या खिडकीत बसेन. तू पिशवी घेऊन थांब्यावर उभा दिसलास तर मी जागची उठणार नाही, तुझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवेन. पिशवी नसली तरी चालेल, नुसता ये. एक शब्द बोलू नकोस, मीही बोलणार नाही. घरापर्यंत गप्प बसून जाऊ.

तू दिसला नाहीस तर मी उतरेन आणि वर चालत येईन.

दादा, मला उतरायला लावू नकोस.

तुझी,
धाकटी